नऊ बिल्ल्यांचं कथील

ओतारी आयुष्यात एकदाच बिघडला, आणि तेही एकसष्टाव्या वर्षी. त्याआधी बिघडायला त्याला सवड नव्हती असं त्याची बायको म्हणते. पण खरं सांगायचं तर सवड होती, धीर नव्हता.

अहो, माणूस इतका सरळ की रिकाम्या रस्त्यावरही कडेकडेनं चालायचा! दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी उजेडात कानशी आणि पकडीचा शेगडा लावलेलं बाक, मागं भट्टी, भिंतीवर बापाच्या वेळच्या सांडश्या. दारांच्या मुठी, कड्या, मोडक्या दिव्यांचे पाय, जे ओतून होईल ते तो ओतून द्यायचा. बापाचा धंदा, बापाची भट्टी आणि बापाचाच देव. देवाबद्दल त्यानं स्वतः असा विचार कधी केलाच नव्हता. देव म्हणजे वरती बसलेला कुणीतरी कडक परीक्षक, आणि आपण धडा पाठ नसलेला विद्यार्थी, एवढंच त्याला ठाऊक.

तसं वाटायला कारणही होतं. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्यातून एका रविवारी प्रभूचं मेज मांडलं जायचं. पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि द्राक्षरसाचा पेला. पण त्या मेजाचा घास हवा तर हातात बिल्ला हवा. कथलाचा छोटा गोल बिल्ला, एका बाजूला कणीस, दुसऱ्या बाजूला ज्याचा त्याचा नंबर. आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी दुपारी, मंडळीचे पंच ओळीनं खुर्च्यांवर बसायचे आणि एकेकाला पुढं बोलावून विचारायचे. कुणाशी भांडलास? प्रार्थना चुकवलीस? विसाव्याच्या दिवशी हत्याराला हात लावलास? पास होईल त्याला बिल्ला. रविवारी तो ताटात टाकायचा, मग घास मिळायचा.

शनिवार आला की ओतारीच्या पोटात गोळा यायचा. पाप केलंय म्हणून नाही, आठवेना म्हणून! एकदा तर काहीच सुचेना, तेव्हा घाबरून त्यानं न केलेलं एक भांडण कबूल केलं, आणि मग खोटं बोलल्याचं पाप महिनाभर उरावर वागवलं.

पंचांत मुख्य होते कायदेकाका. नाव पोरासोरांनी पाडलेलं, पण खालपासून वरपर्यंत शोभणारं. मंडळीचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ. ते दुष्ट होते असं मात्र कुणी म्हणू नये. दूधवाल्यावर ओरडले म्हणून त्यांनी एकदा स्वतःलाच बिल्ला नाकारला होता आणि महिनाभर शेवटच्या बाकावर बसले होते. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

भांडली होती एकटी आक्का.

आक्का म्हणजे ओतारीची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची आणि तो रांगता. तिनंच त्याला वाढवलं, पुढं सुईणीचं काम शिकली, आणि चाळीस वर्षं या गावातल्या बायकांची बाळंतपणं केली. मंडळीतली अर्धी डोकी पहिल्यांदा तिच्याच तळहातावर टेकलेली. कायदेकाकांची तीन मुलंही. ती तिन्ही कामाच्या दिवशी झाली. काकांच्या घरी बाळंही नियमानंच यायची, असं लोक हसून म्हणत.

बाकीच्या घरांत बाळांना वारांची शिस्त नव्हती. मेजाचा घास घेतल्यावर शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत जागचं उठायचं नाही, हा मंडळीचा सगळ्यांत जुना नियम. आणि तीन वेळा असं झालं की भाकरीचं ताट फिरत असताना दाराशी धापा टाकत कुणीतरी आलं आणि आक्का पिशवी उचलून चालू लागली. तिसऱ्या वेळी पंचांनी तिला बोलावून घेतलं. पुन्हा उठणार नाही असं वचन द्या, म्हणाले.

"मी देते की," आक्का म्हणाली. "तुम्ही तेवढं बाळाला सांगा, आशीर्वाद झाल्यावर ये म्हणून."

हसलं कुणी नाही. सत्तावीस नंबरचा बिल्ला काढून घेतला गेला. त्याला एकोणीस वर्षं झाली. पाय चालत होते तोवर आक्का दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर बसायची, ताट तिला वळसा घालून पुढं जायचं, आणि ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायची. मग पायांना सूज चढली. आता ती प्रार्थनाघरासमोरच्या गल्लीतल्या आपल्या खोलीत खिडकीशी बसून गाणी ऐके. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, फार पुढचे बेत करू नका. तेव्हापासून ओतारीला एकच ध्यास लागला. बहिणीनं जाण्याआधी एकदा, निदान एकदा, सगळ्यांबरोबर बसून तो घास खावा. पण हे पंचांपुढं बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

एका गुरुवारी कायदेकाका स्वतः दुकानात आले. हातात दोन पिशव्या.

"बिल्ले झिजलेत," म्हणाले. "नंबर वाचता येत नाहीत. सगळे वितळव आणि बापाच्या साच्यातून नवे ओत. एकशे त्रेचाळीस. शनिवारी दुपारपर्यंत हवेत. आणि लक्षात ठेव, बाहेरचं कथील एक रवाही घालायचं नाही. पहिल्या मंडळीच्या ताटाचं कथील आहे हे. तेच राहिलं पाहिजे."

"बरं काका. आणि ही धाकटी पिशवी?"

"काढलेल्यांचे आहेत. नऊ. त्यांना त्यात मिसळायचं नाही. वेगळा गोळा करून दे, जुन्या विहिरीत टाकू."

काका गेले. ओतारीनं धाकट्या पिशवीची दोरी सोडली आणि नऊ बिल्ले बाकावर ओतले. वापरात नव्हते म्हणून कसे जाडजूड राहिले होते! त्यातला एक त्यानं ओळखला. सत्तावीस. बापानंच ठोकलेला नंबर, साताचं शेपूट वाकडं. इतक्या वर्षांत जे त्याच्या हातून झालं नव्हतं ते त्या क्षणी झालं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि बिल्ला खिशात टाकला.

आक्का खिडकीशी खुर्चीत होती, पाय स्टुलावर. त्यानं बिल्ला तिच्या हातावर ठेवला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला.

"बाबांचा हात," म्हणाली. "सात कधी सरळ जमला नाही त्यांना. कुठून आणलास?"

त्यानं सांगितलं. म्हणाला, "हा ठेव. रविवारी मी तुला धरून नेतो. गर्दीत कोण नंबर बघतंय?"

"म्हणजे देवबापाच्या घरात मी खिडकीतून शिरू?"

"आक्का, एकोणीस वर्षं झाली!"

"झाली की. मी मोजली नाहीत असं वाटलं तुला?" तिनं दम घेतला. तिला दोन वाक्यांनंतर थांबावं लागे. "हे बघ धाकट्या, देवाचं नि माझं काही बिघडलेलं नाही. रोज बोलतो आम्ही. कधीकधी मीच त्याला चार शब्द सुनावते, तो ऐकून घेतो. पण माणसांनी हाक मारली नाही रे. मला बिल्ला नको. मला बोलावणं हवंय."

मग ओतारीनं जन्मात कुणाला न विचारलेलं विचारलं. "तुला त्याची भीती नाही वाटत?"

"कुणाची, देवाची?" आक्का हसली. "किती बाळं या हातांवर आली, मोजदाद नाही. दर वेळी पहिला श्वास घ्यायच्या आधी एक क्षण असतो. खोलीत सगळे थांबलेले असतात. आणि मग ते रडतं. दर वेळी अंगावर काटा आलाय माझ्या, शेवटच्या बाळापर्यंत. पण त्याला भीती म्हणत नाहीत. आणि एकाही बाळानं जगात यायला बिल्ला दाखवला नाही मला."

तिनं सत्तावीस नंबर त्याच्या मुठीत परत दाबला आणि वर ऐकवलं, "जा, भट्टी विझेल. चोरी तुला शोभत नाही, घाम किती आलाय बघ!"

शुक्रवारी सकाळी त्यानं भट्टी पेटवली. मोठ्या पिशवीतले एकशे त्रेचाळीस बिल्ले मुशीत घातले आणि वितळवले. मग बापाच्या शिकवणीप्रमाणं नमुन्याचा एकच बिल्ला ओतला, थंड केला आणि तराजूत घातला. कोऱ्या बिल्ल्याचं हे वजन. गुणिले एकशे त्रेचाळीस. मुशीतलं कथील तेवढं भरेना. पुन्हा हिशेब केला. छे! आठनऊ बिल्ल्यांचं कथील कमी पडत होतं.

आता यात नवल काहीच नव्हतं. पन्नास वर्षं बिल्ले हातात घासले होते, खिशात झिजले होते. ताटात पडून पडून त्यांच्या कडा पातळ झाल्या होत्या. कथील लोकांच्या बोटांना लागून निघून गेलं होतं. हे शिकाऊ ओताऱ्यालाही कळलं असतं. पण पंचांनी नंबर मोजले, वजन कुणी केलं नाही! नियम करणारांना नंबर कळतात, झीज कळत नाही.

ओतारी बाकावर बसला. बाहेरचं कथील घालायचं नाही, हा एक नियम. काढलेल्यांचं मिसळायचं नाही, हा दुसरा. दोन्ही पाळावेत तर आठनऊ जणांना उद्या बिल्ला नाही, आणि बिल्ला नाही तर मेज नाही. इकडे आड तिकडे विहीर. सवयीनं त्याच्या पोटात गोळा आला. बायको चहा घेऊन आली, त्याचा चेहरा बघून म्हणाली, "कोण गेलं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "कमी पडतंय."

"मग घाला की. समोर पडलंय ते कथील नाही तर काय शेंगदाणे आहेत?"

बायकोची बोटं नऊ बिल्ल्यांकडं होती. ती कपबशी ठेवून निघून गेली. तिच्या लेखी प्रश्न तिथंच मिटला होता.

ओतारीनं आठ बिल्ले एकेक करून मुशीत सोडले. सत्तावीस शेवटी. तो तरंगला क्षणभर. कणीस खाली, नंबर वर. मग कडा मऊ झाली, साताचं वाकडं शेपूट थरथरलं, दोनाचा बाक सुटला, आणि नंबर गेला. कुठं गेला? ओतारीनं आयुष्यभर धातू वितळताना पाहिला होता, पण असा पाहिला नव्हता. त्यानं सळईनं वरचा मळ बाजूला सारला. खाली एकच चकाकणारं पाणी. त्यात एक नंबर नव्हता आणि एकशे त्रेचाळीस नव्हता. पास झालेला नव्हता, काढलेला नव्हता. पहिल्या माणसांनी ज्या एका ताटातून भाकर वाटली, त्या ताटाचंच कथील ते, पुन्हा एक झालेलं. आणि त्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता.

त्याच्या अंगावर काटा आला. भट्टीच्या धगीत उभ्या माणसाच्या अंगावर काटा! त्याला आक्काचं बोलणं आठवलं, तो एक क्षण, श्वासाआधीचा. त्याला वाटलं, आत्ता या खोलीत कुणीतरी आहे. परीक्षक नाही. दुसरंच कुणी, फार मोठं, फार जवळचं. आपल्या पोटातला गोळा गेलाय हे त्याच्या ध्यानात आलं ते बऱ्याच वेळानं, आणि तोवर त्याचे डोळे वाहत होते.

मग त्यानं ओतायला घेतलं. एकशे त्रेचाळीस बिल्ले भरले. शेवटचा भरला तेव्हा मुशीत मसुरीएवढा थेंब उरला होता.

शनिवारी दुपारी त्यानं नंबर ठोकलेल्या बिल्ल्यांची पिशवी पंचांपुढं ठेवली. कायदेकाकांनी एक बिल्ला उचलून खिडकीच्या उजेडात धरला, मान डोलावली. मग हात पुढं केला. "आणि तो गोळा?"

"गोळा नाही, काका."

"नाही म्हणजे?"

"जुने झिजले होते, पुरत नव्हते. बाहेरचं घालू नका म्हणालात. म्हणून नऊही त्यातच घातले."

एवढं वाक्य तो न अडखळता बोलला याचंच लोकांना आधी नवल वाटलं. मग गलका उठला. कायदेकाकांनी हात वर करून तो थांबवला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोणकोणत्या बिल्ल्यांत गेलेत ते नऊ? तेवढे वेगळे काढ."

"सगळ्यांत," ओतारी म्हणाला. "तुमच्या चार नंबरातही आहेत, माझ्यातही. आता वेगळे काढायचे म्हणजे पाण्यातून पाणी काढायचं. आणि काका, खरं सांगू? त्यांच्याशिवाय आपण पुरे पडतच नव्हतो."

काकांनी हातातला बिल्ला पिशवीत परत टाकला. मग म्हणाले, "हे बिल्ले वाटता येणार नाहीत. आणि बिल्ल्याशिवाय मेज नाही."

आता तिथंच बसलेल्या पाळकसाहेबांबद्दल, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंबद्दल, सांगायचं तर ते बोलायचे कमी आणि खाकरायचे जास्त. त्यांनी खाकरून घेतलं आणि म्हणाले, "भाकर तर भाजून झालीय." तेवढंच बोलले.

रविवारी बाकं भरली. पंचांनी बिल्ल्यांची पिशवी मेजाच्या कोपऱ्यावर तशीच बांधलेली ठेवली होती. गाणं झालं, वाचन झालं. पाळकसाहेबांनी पांढरं कापड उचललं, घडी केली, पेला पुढं घेतला, भाकर हातात घेतली आणि ती मोडायच्या आधी थांबले.

"मला रात्रभर झोप नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी ताट सत्तावीस नंबराला वळसा घालून नेलं. या हातांनी. नियम होता म्हणून. काल हा ओतारी म्हणाला, त्यांच्याशिवाय आपण पुरे पडत नाही. मी भाकर मोडणार नाही. आक्काला बोलावणं गेल्याशिवाय नाही."

ओतारी ताडकन उठला. पाळकसाहेबांनी मान हलवली. "तू बस. तू भाऊ आहेस. भावाचं बोलावणं घरचं झालं. हे मंडळीचं हवं."

मग शांतता पडली. कसली शांतता! बाकाची लाकडं कुरकुरलेली ऐकू येत होती. कुणी कुणाकडं बघेना. मेज मांडलेलं असताना, आशीर्वाद झालेला नसताना जागचं उठायचं नाही, हे सगळ्यांच्या हाडांत मुरलेलं. ओतारीला वाटलं, संपलं. आक्का खिडकीत बसलीय, गाणी थांबली एवढंच तिला कळलं असेल.

तेव्हा पहिल्या बाकावर कुणीतरी घसा साफ केला. कायदेकाका उठले. पुढं गेले, पिशवीची दोरी सोडली, शोधून चार नंबरचा बिल्ला काढला. तो क्षणभर हातात धरला आणि मेजावर पालथा ठेवला, नंबर खाली करून. मग मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत, आशीर्वादाआधी, ताठ मानेनं दाराबाहेर गेले. त्यांचे बूट गल्लीत वाजत गेले.

थांबायचं किती? आक्काला चार पावलांनंतर दम लागतो. पाव तास गेला. एकही माणूस हलला नाही, लेकरूसुद्धा रडलं नाही. श्वास रोखून ती सगळी खोली दाराकडं बघत होती, आणि ओतारीच्या मनात आलं, हाच तो क्षण. हेच ती म्हणत होती.

दारात आधी काठी दिसली, मग आक्का. कायदेकाकांच्या दंडाला धरून. काकांचे डोळे लाल होते, तिचे कोरडे. पहिल्या बाकाशी येऊन ती थांबली, दम खाल्ला, आणि तिनं काकांकडं वळून पाहिलं.

"काय रे, आशीर्वादाआधी उठलास? आता तुझा नंबर काढावा लागणार."

"काढला, आक्का," काका म्हणाले. "मघाशीच."

कुणीतरी हसलं, मग कुणीतरी हुंदका दिला, मग काय कुणाचं हसू आणि कुणाचं रडू, काही कळेना. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. पहिला तुकडा आक्काच्या तळहातावर ठेवला. ज्या तळहातानं अर्धी मंडळी झेलली होती, त्यावर. ओतारीनं हात जोडले. आता ती खाईल. आता झालं, आता काही मागायचं उरलं नाही.

आक्कानं खाल्लं नाही. तुकड्याकडं बघत राहिली. मग मान वर करून विचारलं, "आणि बाकीचे आठ?"

कायदेकाकांना सगळंच तोंडपाठ. "तिघं वारले," ते हळू म्हणाले. "पाच गावातच आहेत."

"मग थांबते मी. एकोणीस वर्षं थांबले, तासभर काय जड आहे?" आणि घास हातात धरून ती बाकावर बसली.

आधी उठली काकांची मधली मुलगी. मग शिंपी, मग नवराबायकोची एक जोडी. "एक्क्याण्णव नंबर कोण होता?" कुणीतरी विचारलं, आणि काकांनी सांगितलं. खुर्च्या विणणारा तो दारुडा, ज्याला टाळायला ओतारी इतकी वर्षं रस्त्याच्या कडेकडेनं चालत आला होता.

"त्याच्याकडं मी जातो," ओतारी म्हणाला.

आशीर्वाद झालेला नव्हता. तो बाहेर पडला आणि रस्त्याच्या मधून चालू लागला.